गिटमधलं बफर ओव्हरफ्लोचं भगदाड आपल्या मशीनवर बुजलंय का, कसं तपासायचं

१७ जानेवारी २०२३ ला गिटची, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची, २.३९.१ आवृत्ती आली. सोबत २.३०.७ पासून २.३८.३ पर्यंत जुन्या शाखांच्या दुरुस्त आवृत्त्याही आल्या. सुरक्षा तपासणीत दोन गंभीर चुका सापडल्या होत्या.

सीव्हीई म्हणजे सुरक्षेतल्या चुकीला दिलेला ओळख क्रमांक. त्यातली सीव्हीई-२०२२-४१९०३ ही समजायला सोपी. ‘गिट लॉग’चा (बदलांच्या यादीचा) मजकूर रकान्यात बसवायला रुंदीचा आकडा देता येतो. तो अवाढव्य दिला की ‘इंट’मध्ये (ठरावीक मर्यादेच्या पूर्णांकात) मावत नाही, हिशेब गडबडतो आणि गिट हद्दीबाहेरच्या मेमरीत लिहायला लागतं; हाच बफर ओव्हरफ्लो. असला आकडा स्वतःहून कोण देणार? पण ‘एक्स्पोर्ट-सब्स्ट’ची (फाइलीतल्या खुणांच्या जागी माहिती भरण्याची) सोय वापरून तो रिपॉझिटरीतल्या, म्हणजे प्रकल्पाच्या साठ्यातल्या, फाइलीतच पेरता येतो. तुम्ही रिपॉझिटरीचं गाठोडं बांधणारी ‘गिट आर्काइव्ह’ कमांड चालवलीत की झालं! दुसरी, सीव्हीई-२०२२-२३५२१, ‘गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ (कुठली फाइल कशी हाताळायची ते सांगणारी) फाइल वाचताना उद्भवते. ती जास्त वाईट, कारण नुसतं क्लोन (रिपॉझिटरी उतरवून घेणं) किंवा पुल (नवे बदल ओढून घेणं) करतानाही फटका बसू शकतो.

आधी मशीनवर गिट किती ठिकाणी आहे ते शोधा. मॅक-लिनक्सवर ‘विच -ए गिट’, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘व्हेअर गिट’. मॅकवर अ‍ॅपलचं एक आणि होमब्रूचं (सॉफ्टवेअर बसवायच्या साधनाचं) दुसरं, हे नेहमीचंच. गिटहब डेस्कटॉप स्वतःचं वेगळं गिट बाळगतं. डॉकर इमेजमधलं तर हमखास विसरलं जातं.

मग प्रत्येकाला ‘गिट --व्हर्जन’ विचारा. आकडा २.३९.१ किंवा त्यापुढचा असेल तर चिंता नाही. इथे एक गोची आहे. उबुंटू २२.०४ दुरुस्तीनंतरही २.३४.१ हाच आकडा दाखवतं, कारण उबुंटूवाले आवृत्ती न बदलता फक्त ठिगळ लावतात. तो आकडा बघून घाबरू नका, आणि नवा आकडा हवा म्हणून सोर्समधून बिल्ड करायलाही बसू नका. ‘एपीटी चेंजलॉग गिट’ चालवा आणि त्यात वरचे दोन्ही सीव्हीई क्रमांक शोधा. सापडले की काम झालं.

ते नसतील, किंवा इतरत्र आकडा जुना असेल, तर अपडेट करा: उबुंटूवर एपीटीने, मॅकवर ‘ब्रू अपग्रेड गिट’ने, विंडोजवर ‘गिट अपडेट-गिट-फॉर-विंडोज’ने. अ‍ॅपलचं गिट मात्र ब्रूने बदलत नाही. त्यासाठी एक्सकोडची कमांड लाइन टूल्स अपडेट करावी लागतात.

ऑफिसच्या सर्व्हरवर लगेच अपडेट शक्य नसेल, तर अनोळखी रिपॉझिटरीवर ‘गिट आर्काइव्ह’ चालवू नका. गिट डीमन (नेटवर्कवरून रिपॉझिटरी पुरवणारा प्रोग्राम) असेल तर ‘डीमन.अपलोडआर्च’ ही सेटिंग ‘फॉल्स’ करा. याने पहिलीच चूक आटोक्यात राहते. दुसरीसाठी अपडेटशिवाय इलाज नाही.