आधी दिवे, मग यान

भाचा अमेरिकेहून आला तेव्हा त्याच्या बॅगेतल्या स्वेटरांच्या घड्यांमधून प्लास्टिकचे सांगाडे निघाले. खोका फार मोठा, म्हणून तो त्यानं तिकडेच टाकून दिला होता. "मावशी, हे तुझं दूरदर्शनवालं यान," म्हणाला.

ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' ही अंतराळप्रवासाची अमेरिकन मालिका लागायची. वाड्यात टीव्ही एक आणि बघणारे वीस. संवाद निम्म्यांना कळत नसत, पण ते एंटरप्राइज यान पडद्यावर सरकायला लागलं की सगळे गप्प. त्याचंच हे १/३५० प्रमाणातलं, तुकडे जोडून बनवायचं किट. कथेत यानाची लांबी ९४७ फूट आहे, म्हणजे मॉडेल जवळजवळ ८२ सेंटीमीटरचं. आमच्या जेवणाच्या टेबलाची एक बाजू सहा महिने त्यात गेली. आमच्या ह्यांनी त्या काळात ताट मांडीवर घेऊन जेवायची सवय करून घेतली.

मी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले. वायरी जोडणं हा माझा धंदा, मॉडेल हा नवा नाद. या यानात मी दिवे कसे बसवले ते खाली सांगते, त्यामुळे रंगकामाबद्दल थोडं आणि वायरींबद्दल फार आहे. तसंही दिव्यांचं मॉडेल बिघडतं ते वायरीपायीच.

यानाच्या भागांना मी घरगुती नावं दिली आहेत: वरची बशी, खालचं पोट, दोघांना जोडणारी मान, पोटातून वर जाणारे दोन खांदे आणि त्यांच्या टोकाला इंजिनांच्या दोन नळ्या. पुढेही हीच वापरते.

पहिले आठ दिवस गोंदाला हातच लावू नका. भाग सुटे करा, साबणाच्या पाण्यानं धुवा (साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही) आणि सगळं यान नुसतं मास्किंग टेपनं उभं करा. मग एक साधी दोऱ्याची गुंडी घ्या आणि वायर जिथून जाणार तिथून दोरा ओवून बघा. बशीतून मानेत, मानेतून पोटात, पोटातून खांद्यात. खांद्यापाशी दोरा अडेल. तिथली पोकळी इतकी चिंचोळी आहे की माझ्या दोन बारीक वायरी गेल्या, तिसरी अडकली. म्हणजे नळीच्या टोकाला दहा दिवे एकामागोमाग पेटवून फिरते दाखवायचे आणि त्यांचं सर्किट पोटात ठेवायचं, हे जमणारच नाही. वाट अरुंद असेल तिथे फक्त प्लस आणि मायनस पाठवायचे आणि सर्किट पलीकडे, नळीच्या आतच बसवायचं. हे दोऱ्यानं आधी कळलं म्हणून माझे दोन महिने वाचले.

पुढचं काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. प्लास्टिक डोळ्यांना घट्ट दिसतं, पण प्रकाश त्यातून झिरपतो. आत दिवा लावला की अख्खी बशी दुधी कंदिलासारखी उजळते आणि खिडक्या दिसतच नाहीत. म्हणून प्रत्येक भागाला आतून आधी काळा रंग, पातळ दोन हात, आणि तो पूर्ण वाळल्यावर त्यावर पांढरा. काळा प्रकाश अडवतो, पांढरा तो आतल्या आत उडवून खिडक्यांकडे पाठवतो. नुसता काळा दिलात तर आतला उजेड तो काळाच गिळून टाकतो आणि खिडक्या मंद पडतात. ज्या कडांना गोंद लागणार तिथे रंग येऊ देऊ नका, तिथे आधीच टेप लावा. मग रात्री खोलीतले सगळे दिवे घालवून भागाच्या आत मोबाइलची बॅटरी धरा. जिथे तांबूस-करडा डाग दिसेल तिथे पुन्हा काळा. सांध्यांच्या फटींना आतून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी उत्तम, पण ती वीजवाहक असते हे विसरू नका. उघडा सांधा तिला टेकला की शॉर्ट झालंच म्हणून समजा.

आता दिवे. बशीसाठी आणि पोटासाठी मी बारा व्होल्टची एलईडी पट्टी वापरली, मीटरला साठ दिव्यांची, वॉर्म व्हाइट. ही पट्टी तीन-तीन दिव्यांच्या तुकड्यांत, खुणेवरच कापता येते. बशीत आठ तुकडे, पोटात तीन. खिडक्यांसाठी कूल व्हाइट घेऊ नका, यानाचं इस्पितळ होतं.

पहिल्यांदा पूर्ण बारा व्होल्ट दिले तर बशी मंगल कार्यालयासारखी झगमगली. म्हणून मध्ये व्होल्टेज उतरवणारं एक छोटं बक मॉड्यूल टाकलं आणि त्याचा स्क्रू फिरवत साडेनऊच्या आसपास आणलं. पट्टीतले तीन दिवे एकामागोमाग एक जोडलेले असतात आणि पांढऱ्या दिव्याला प्रत्येकी तीन व्होल्ट लागतात. त्यामुळे नऊच्या जरा वर पट्टी जेमतेम, शांत जळते. पीडब्ल्यूएम डिमरनंही (तो दिवे भराभर चालू-बंद करतो) उजेड कमी होतो, पण मोबाइलवर व्हिडिओ घेतलात की पट्टे थरथरताना दिसतात.

सुट्या दिव्यांना जादा वीज रोखणारा रेझिस्टर हवाच, आणि त्याचा हिशेब चौथीतल्या भागाकाराइतका सोपा आहे. लाल दिवा साधारण दोन व्होल्ट खातो. बारातून दोन गेले, उरले दहा. दिव्यातून दहा मिलिअँपिअर पुरेत. दहा भागिले ०.०१ म्हणजे १००० ओहम, एक के. हिरवा दिवा घेताना त्याचं व्होल्टेज दुकानात विचारा, कारण जुन्या पोपटी हिरव्याला दोनच्या आसपास लागतात आणि नव्या लख्ख हिरव्याला तीन. बशीच्या काठावर विमानासारखाच डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. डावं-उजवं यानात बसून पुढे बघताना धरायचं. मी पहिल्यांदा समोरून बघून लावले आणि उलटे लागले.

हे दिवे लुकलुकवायला ५५५ ही आयसी, म्हणजे ठरावीक वेळानं वीज चालू-बंद करणारी चिप. १० के आणि ६८ के हे दोन रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर घेतला की सेकंदाला साधारण एकदा लुकलुक होते. इंजिनांच्या पुढच्या घुमटांसाठी तीच ५५५, फक्त जास्त वेगाची, आणि तिच्यामागे ४०१७, ही दिवे एकामागोमाग एक पेटवणारी चिप. गणपतीच्या मखरात पळते दिवे केलेल्या कुणालाही ही जोडी विचारा, झोपेत जोडून देईल. ४०१७ला दहा पाय दिव्यांसाठी, एका वेळी एकच पेटतो, म्हणून दहाही दिव्यांना मिळून एकच एक-केचा रेझिस्टर चालतो.

हा घुमट म्हणजे या यानाचा जीव. १९६४ साली बनलेलं, चित्रीकरणात वापरलेलं मूळ मॉडेल अकरा फुटांचं होतं. त्याच्या घुमटांत नाताळच्या झाडावरचे रंगीत बल्ब, आरशांचे तुकडे आणि मोटरवर फिरणारी पाती होती, म्हणून पडद्यावर आत काहीतरी घुसळल्यासारखं वाटायचं. मीही आधी छोटी मोटर लावून पाहिली. दिसायला झकास, पण नळीच्या पोकळीत तिचा आवाज असा घुमला की हे आतून ओरडले, "मिक्सर बंद कर!" मग मोटर काढली. दहा दिवे गोल बसवले, लाल आणि नारिंगी आलटून पालटून, मधे एक कायम जळणारा नारिंगी. घुमटाला आतून मॅट क्लिअर (चकाकी नसलेला पारदर्शक रंग) मारून धुरकट केलं. दिवे सुटे ठिपके दिसले तर वेग वाढवा आणि घुमटामागे ट्रेसिंग पेपरची चकती लावा. दोन नळ्यांत मी दिव्यांचा क्रम उलटसुलट ठेवला, एक उजवीकडे फिरते, एक डावीकडे.

सामान सगळं पुण्यात तपकीर गल्लीत मिळालं. वायरीसाठी मात्र मी मोटर वाइंडिंगच्या दुकानात गेले आणि इनॅमल (वीजरोधक लेप) लावलेली बारीक तांब्याची तार घेतली. केसापेक्षा जरा जाड, चिंचोळ्या जागेत सहज जाते. सोल्डर मारण्याआधी टोकावरचं इनॅमल ब्लेडनं खरवडायला विसरू नका, नाहीतर सोल्डर वरवर बसतो आणि वीज जात नाही. जिथे जागा आहे तिथे मात्र रंगीत प्लास्टिकची वायर वापरा. लाल प्लस, काळी मायनस, लुकलुकीला पिवळी, आणि शेवटपर्यंत तोच नियम. प्रत्येक टोकाला कागदाची चिठ्ठी. हे मला एक्स्चेंजनं शिकवलं. वायर ओळखू आली नाही तर ती नसल्यातच जमा.

एवढा सगळा पसारा मिळून अर्धा अँपिअरसुद्धा ओढत नाही. बारा व्होल्ट, एक अँपिअरचा ॲडॉप्टर भरपूर झाला. ह्यांनी पाच अँपिअरचा आणा म्हणून धोशा लावला होता, पण शॉर्ट झाल्यावर पाच अँपिअर त्या केसाएवढ्या तारेचं काय करतील याचा विचार करा. आत येणाऱ्या प्लसवर एक १एन४००७ डायोड घाला, तो वीज एकाच दिशेनं जाऊ देतो. पिन उलटी लागली तरी काही जळत नाही.

पारदर्शक खिडक्या बसवताना सुपरग्लू वर्ज्य. त्याची वाफ बसून पारदर्शक प्लास्टिक पांढुरकं होतं आणि ते पुसून जात नाही. साधा पांढरा गोंद घ्या, वाळला की दिसत नाही. सगळ्या खिडक्या उजळवू नका. चार-पाच मागून काळ्या करा. रात्री कुठल्या इमारतीच्या सगळ्या खिडक्यांत दिवे असतात?

आता माझी फजिती.

एक्स्चेंजमध्ये नवीन जोडणी झाली की ती दोन दिवस चालू ठेवून मगच झाकायची, हा नियम मी पोरांना दरडावून शिकवलेला. यानाचं पोट जोडलं त्या दिवशी दिवे लावले, तासभर बघितले, आनंदात गोंद फिरवला. सकाळी मानेच्या बाजूची खिडक्यांची एक ओळ काळी. मल्टीमीटर लावला, वायर अखंड असल्याचा 'टीं' नाही. वायर आत कुठेतरी तुटलेली, आणि पोट बंद.

एक दिवस मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवशी बारीक दातांची करवत घेतली आणि पोटाच्या डाव्या अंगाला, मानेच्या जरा मागे, तीन बाय दोन सेंटीमीटरचा चौकोन कापला. चष्म्यावर भिंग लावून आत पाहिलं तर तार सांध्याच्या अगदी काठावर तुटली होती. सोल्डर वायरीतल्या बारीक तारांत झिरपतो तिथपर्यंत ती काडीसारखी ताठ होते आणि ताठ-मऊच्या सीमेवर वाकली की तुटते. मी पोट मिटताना तिला तिथेच दुमडली होती. नवी तार जोडली, यावेळी बोटभर सैल वळसा ठेवून, आणि सांध्यापासून थोडं पुढे हॉट ग्लूचा एक थेंब टाकला, म्हणजे ओढ बसली तर ती थेंबावर बसेल, सांध्यावर नाही. (हॉट ग्लू जरा निवू द्या, तापलेला थेंब पातळ प्लास्टिक वाकवतो.) कापलेल्या तुकड्याला आतून दोन छोटी मॅग्नेट लावून झाकण केलं.

तर नियम असा: प्रत्येक भाग जोडायच्या आधी ४८ तास सलग दिवे चालू, मधून मधून हलक्या टिचक्या मारत. आणि एक दार ठेवाच. पोटाच्या तोंडावरची तांब्याच्या रंगाची थाळी गोंदाऐवजी मॅग्नेटवर बसवली तर तिथून चिमटा आत जातो. मला हे उशिरा सुचलं.

माझ्या त्या डाव्या झाकणाची रेघ जवळून पाहिलं तर दिसते. पण मूळ मॉडेलचीही डावी बाजू अपुरीच होती. चित्रीकरण उजवीकडून व्हायचं, दिव्यांच्या वायरी डावीकडून बाहेर लोंबायच्या. ते मॉडेल १९७४ पासून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे, आणि मोठ्या दुरुस्तीनंतर २०१६ साली पुन्हा मांडलं, आता एलईडी दिव्यांसकट. माझं यान उजवी बाजू बाहेर करून भिंतीलगत उभं आहे.

बाहेरच्या कामाचं थोडक्यात. सांध्यांवर लांबी (पुट्टी) भरा, तीच गाड्यांच्या रंगकामातली चालते, पण पातळ. घासायला वॉटर पेपर ४००, मग ८००, मग १०००, पाणी लावून. खिडक्या झाका आणि फिकट करडा रंग मारा. रंग आणि क्लिअर कोट पावसाळ्यात मारू नका. हवेतला ओलावा त्यात अडकतो आणि वर पांढरी साय धरते. मी जूनमध्ये घाई केली, बशी पुन्हा घासावी लागली, मग दसऱ्यापर्यंत थांबले. बशीवरच्या रेषा ०.३ मिलिमीटरच्या पेन्सिलीनं ओढल्या, मूळ मॉडेलवरही त्या पेन्सिलीच्याच आहेत. आकडे आणि अक्षरांचे डिकल (छापील चिकटचित्रं) आधी ग्लॉस, म्हणजे चकाकत्या, क्लिअरवर बसवा आणि मग सगळ्यावर मॅट. थेट मॅटवर बसवले तर खाली हवा अडकून चंदेरी चकाकतात.

स्टँड पितळेच्या नळीचा, वायरी तिच्यातून खाली लाकडी पाटात, पाटाला मागे जॅक आणि पुढे दोन स्विच. एक खिडक्यांचा, एक इंजिनांचा. पाहुणे आले की आधी खिडक्या लावते, दहा सेकंद थांबते, मग इंजिनं. हे हल्ली दुसरा स्विच स्वतः दाबायला येतात, हातातलं ताट टेबलावर ठेवून.