टीडीएसचा आकडा आणि वावरातली माती

भूजलाच्या कामात नव्यानं आलेली मुलं गावात शिरली की आधी टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा पेन काढतात. अकोला-अमरावती-बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात पाणी खारं आहे हे जिभेलाच कळतं, तिथं पेनचं अडत नाही. मात्र यवतमाळच्या पांढरकवड्याकडं तोच पेन फसवतो. पाणी चवीला गोड, आकडा बरा, तरी फ्लोराईड लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर आणि पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे. फ्लोराईड, नायट्रेट पेनला वेगळे दिसतच नाहीत. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो.

नमुना नीट घ्या. हातपंप असेल तर आधी भरपूर हापसा, पाइपातलं साचलेलं पाणी जाऊ द्या. प्लास्टिकची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा. नंबर बाटलीवर लिहा, झाकणावर नको. झाकणं बदलली जातात. पीएच (आम्ल-अल्कपणा) आणि ईसी (पाण्याची विद्युतवाहकता) तिथंच मोजा, कारण पाण्यातला वायू उडाला की पीएच सरकतो.

ओलिताचा हिशोब निराळा. तिथं सोडियम किती आहे यापेक्षा कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानानं किती आहे, ते बघायचं. त्यालाच एसएआर म्हणतात. आरएससी, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा जास्तीचा कार्बोनेट-बायकार्बोनेट, लिटरमागे २.५ मिलिइक्विव्हॅलंटच्या वर गेला तर पाणी ओलिताला नको. पण अहवालावर थांबू नका, वावरात जा. एक शेतकरी मला म्हणाले, "पाऊस आला की चिखल, उघडला की दगड." अशी चोपण जमीन आपल्या काळ्या मातीत सोडियमनंच होते. खाऱ्या पाण्यावर माती बरी दिसते, पण पावसाचं गोड पाणी पडलं की चिकणमातीचे कण सुटतात, छिद्रं बुजतात. म्हणून उन्हाळ्यात पाहिलेलं वावर पावसाळ्यानंतर परत पाहाच. मातीतलं सोडियम हटवायला जिप्समचा सल्ला द्यायचा तर मातीचीही तपासणी हवी, आणि पाण्याला निचरा हवा.

फ्लोराईड निघालं की बाया विचारतात, पाणी उकळून प्यायलं तर चालेल का? चालत नाही. पाणी आटतं, फ्लोराईड राहतं. हे त्यांना तोंडानं, स्पष्ट सांगा. कागद कोणी वाचत नाही. बरेचदा खोल बोअरपेक्षा जवळच्या उथळ विहिरीत फ्लोराईड कमी असतं, तेव्हा त्याच फेरीत तिचाही नमुना घ्या. विहिरीला लागून गोठा किंवा उकिरडा असेल तर नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या आत आहे का ते तपासा, जंतूंसाठी निर्जंतुक बाटली वेगळी भरा, आणि मगच त्या विहिरीचं नाव घ्या.