खान्देशात पर्यावरणाची वकिली: नव्याने येणाऱ्यांसाठी

सनद हातात आली की जळगाव-धुळ्याकडची मुलं-मुली मला हमखास विचारतात, पर्यावरणाच्या केसेस म्हणजे पुण्या-मुंबईचं काम, आपल्याकडे त्यावर ऑफिस चालतं का? चालतं. मी अशाच एका छोट्या ऑफिसात ज्युनिअर म्हणून शिरले आणि तिथेच राहिले. वाटणीचे दावे आणि चेकच्या केसेसही आम्ही घेतो, जागेचं भाडं त्यातूनच निघतं. पण लोक आम्हाला ओळखतात ते नदी, नाला, धूर आणि राखेच्या कामांमुळे.

कामं येतात ती अशी. गिरणाकाठचं एखादं गाव वाळूउपशाला कंटाळून येतं. डाळमिलच्या धुळीने हैराण झालेली कॉलनी येते. एमआयडीसीतला चटईवाला संमतीपत्राचं, म्हणजे प्रदूषण मंडळाने कारखान्याला दिलेल्या परवानगीचं, नूतनीकरण रखडलं म्हणून येतो. दीपनगरच्या वीजकेंद्राची राख वाहणारे डंपर ज्या रस्त्याने जातात, तिथला शेतकरी पानांवरची राख दाखवायला फांदीच तोडून आणतो. धडगावचा माणूस वनहक्काचा दावा फेटाळल्याचं पत्र घेऊन येतो. या सगळ्यांना एक कायदा लागत नाही आणि एक कोर्टही नाही. म्हणून या कामात आधी शिकायचं ते हे की दाद कुठे मागायची आणि किती दिवसांत मागायची. बाकीचं कायद्याचं पुस्तक उघडून बघता येतं.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण 2010 च्या कायद्याने आलं. आपल्यासाठी त्याचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात बसतं. रिट करायची तर उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय जळगावात, त्याच्या वरचं नाशिकला. वाळू तहसीलदार, प्रांत आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे. हा नकाशा डोक्यात पक्का हवा, कारण पक्षकार येतो तेव्हा बहुधा चुकीच्या ठिकाणी दोन-तीन अर्ज देऊन, पोचपावत्यांची पिशवी घेऊनच येतो.

आता मुदतीचं. हरित न्यायाधिकरणाच्या कायद्यातली तीन कलमं पाठच करा. कलम 14 खाली वाद न्यायचा तर तक्रारीचं कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून सहा महिने. कलम 15 खाली नुकसानभरपाई किंवा जागा पूर्ववत करून मागायची तर पाच वर्षं. कलम 16 खाली पर्यावरण मंजुरीसारख्या आदेशावर अपील करायचं तर आदेश कळल्यापासून 30 दिवस. तिन्हींना सबळ कारण दाखवलं तर आणखी 60 दिवस मिळू शकतात, त्यापुढे न्यायाधिकरणालाही माफी देता येत नाही. कलम 14 मधल्या ‘पहिल्यांदा’ या शब्दावर कित्येक चांगले अर्ज पडतात. कारखाना रोज पाणी सोडतोय म्हणून मुदत रोज नव्याने सुरू होते असं गृहीत धरू नका. अर्ज लिहितानाच ठरवा की गावाला नाला थांबवून हवाय की विहिरींचं नुकसान भरून हवंय. उत्तरावर कलम बदलतं, आणि कलमाबरोबर मुदत.

पण गावात तारीख कोणी सांगत नाही. चोपडा तालुक्यातल्या एका बाईंनी मला सांगितलं होतं, “आखाजीले चांगलं व्हतं पानी, कानबाईनंतर बिघडी गयं.” नव्या वकिलाला हे मोघम वाटतं. मला हे फार नेमकं वाटतं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, कानबाई श्रावणातली. पंचांग उघडलं की दोन तारखा मिळाल्या, आणि त्यांच्या मधल्या काळात पाणी बिघडलं हे कळलं. मग त्या काळातले कागद शोधायचे. पाण्याचे जार विकत घ्यायला कधी सुरुवात केली, दवाखान्याच्या चिठ्ठ्या कुठल्या महिन्याच्या, ग्रामपंचायतीने टँकरचा ठराव कधी घेतला, कोणाच्या मोबाईलमध्ये नाल्याचा फोटो आहे आणि तो कोणत्या दिवशी काढलाय. ज्युनिअरचं निम्मं काम हेच आहे आणि ते ओट्यावर बसून करायचं असतं. ऑफिसात बोलावलेला माणूस अर्धंच सांगतो.

पाण्याचा नमुना हा वेगळाच विषय आहे. जल प्रदूषण कायदा 1974 च्या कलम 21 मध्ये नमुना कसा घ्यायचा ते बारकाईने दिलंय: मंडळाच्या अधिकाऱ्याने नोटीस द्यायची, कारखानदारासमोर नमुना घ्यायचा, त्याचे दोन भाग करायचे, सीलबंद करून सह्या घ्यायच्या. ही पद्धत पाळली नाही तर तो अहवाल पुरावा म्हणून उभा राहत नाही. गावकऱ्यांनी बाटलीत भरून आणलेल्या पाण्यावर कारखान्याविरुद्ध खटला चालत नाही. तरीही ती बाटली फेकू नका. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल अर्जाला जोडला की न्यायाधिकरण प्रथमदर्शनी दखल घेतं, आणि बऱ्याचदा प्रदूषण मंडळं व जिल्हाधिकारी कार्यालय यांची संयुक्त समिती पाहणीला पाठवतं. केस खरी ठरते ती त्या पाहणीत. समिती येईल त्या दिवशी कोणता नाला, कोणत्या वळणावर, कोणत्या विहिरी दाखवायच्या याचा नकाशा गावाच्या हातात आधीपासून हवा. तो नसला की समिती कारखान्याच्या गेटमधून आत जाते आणि गेटमधूनच परत जाते.

नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या आसपास असतो. गाडीच्या डिकीत तापलेल्या बाटलीतला बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते याचं माप) वाचून काही कळत नाही. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्याला बीओडीची सर्वसाधारण मर्यादा लिटरला 30 मिलिग्रॅम आणि सीओडीची (रसायनाने मोजलेली तशीच प्राणवायूची गरज) 250 आहे, पण फक्त हे आकडे पाठ करून भागत नाही. त्या कारखान्याचं संमतीपत्र काढा. कित्येकांना थेंबभरही पाणी बाहेर सोडायला परवानगी नसते. तिथे बीओडी किती हा प्रश्नच उरत नाही, पाणी बाहेर आलं हीच अट मोडली. संमतीपत्रं मंडळाच्या संकेतस्थळावर सापडतात. नाही सापडलं तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज, उत्तराला 30 दिवस. ते 30 दिवसही वरच्या मुदतीतूनच जातात, म्हणून अर्ज पहिल्याच दिवशी टाकायचा.

वाळूची कामं आमच्याकडे सर्वांत जास्त, आणि तीच सर्वांत अवघड. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या निकालात वाळूसारख्या गौण खनिजाच्या पाच हेक्टरपेक्षा लहान ठेक्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. त्यामुळे लिलाव झालेल्या प्रत्येक वाळूगटामागे मंजुरीचा कागद असतो आणि त्यात अटी असतात: किती खोल, किती ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट), कुठल्या हद्दीत, यंत्र चालेल की नाही. पावसाळ्यात उपसा बंद. ठेका कायदेशीर आहे एवढ्यावर गाव गप्प बसतं, पण बहुतेक लढाई या अटींवर असते. ठेकाच नसेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 48(7) आणि 48(8): बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि वाहन जप्त. हे अधिकार महसूल खात्याचे आहेत, म्हणून पंचनाम्याचा आग्रह धरा. पंचनाम्यात ‘खड्डे आढळले’ एवढंच असेल तर तो बिनकामाचा. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली आणि जागेचे अक्षांश-रेखांश हवेत. मोजमाप असलं की किती ब्रास गेले ते निघतं, आणि ब्रासवरूनच दंड ठरतो. गूगल अर्थवर जुनी उपग्रह चित्रं तारखेसह दिसतात. पात्र दोन वर्षांत कसं बदललं ते त्यात स्पष्ट येतं.

आणि जिवाची काळजी घ्या. रात्री नदीपात्रात जायचं नाही, एकट्याने तर दिवसाही नाही. डंपरमागे गाडी लावायची नाही. अर्जदार म्हणून एकाच शेतकऱ्याचं नाव पुढे करू नका. ग्रामसभेचा ठराव घ्या, पाच-सात जणांच्या सह्या घ्या, जमलं तर ग्रामपंचायतीलाच अर्जदार करा. हे मी कळकळीने सांगते. एकट्या पडलेल्या माणसाची केस वकील लढतो, पण गावात राहायचं त्या माणसाला असतं.

प्रत्येक गोष्ट पुण्याला न्यायची गरज नसते. गटार, उकिरडा, धुराडं असा सार्वजनिक उपद्रव असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे जा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 152 झालंय. याच कलमावर शेजारच्या रतलामच्या नगरपालिकेला सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये बजावलं होतं की पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, गटारं करा. आमच्या ऑफिसात हा निकाल नव्या ज्युनिअरला सगळ्यांत आधी वाचायला देतात. वीटभट्टीचंही तसंच. केंद्राच्या 22 फेब्रुवारी 2022 च्या अधिसूचनेने भट्टी वस्तीपासून आणि फळबागांपासून 800 मीटर लांब उभारायची असं ठरवलंय. रावेर-यावलकडे हे फार कामाचं आहे. फक्त तिथे केळीची बाग आहे हे सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीत नोंदलेलं हवं. शेतकरी ती नोंद करायला विसरतो आणि सुनावणीत बाग कागदावर नसतेच.

कारखानदारांचं काम करायचं की नाही, हे प्रत्येक नवागत विचारतो. आम्ही करतो आणि त्याचा मला संकोच नाही. संमती घेणं, कारणे दाखवा नोटिशीला उत्तर देणं, एमआयडीसीतला जुना प्लॉट विकत घेणाऱ्याला आधीच्या मालकाच्या थकलेल्या आदेशांची माहिती काढून देणं, ही कामं नीट केली तर एक नाला आपोआप वाचतो. केंद्रीय मंडळाच्या 2019 च्या सूत्राने पर्यावरण भरपाई दिवसांवर मोजतात. लाल, म्हणजे सर्वांत प्रदूषणकारी गटातल्या लहान उद्योगाला, दहा लाखांच्या आतल्या लोकवस्तीत, प्रदूषणाचा निर्देशांक 80 गुणिले रुपयाचा घटक 250 गुणिले उद्योगाच्या आकाराचा घटक 0.5 म्हणजे दिवसाला 10,000 रुपये, तेही रुपयाचा घटक नेहमीसारखा 250 धरला तर. मालकाला हे गणित कागदावर मांडून दाखवलं की सांडपाण्याचं यंत्र महाग वाटेनासं होतं. दुसरीकडे, रक्कम मनाला येईल तशी लावली असेल तर त्यालाही बचाव आहे. उलाढालीचा आणि भरपाईच्या रकमेचा संबंध नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये सांगितलंय. आमचा नियम एकच आहे. एका नाल्यावरचं गाव आमचं पक्षकार असेल तर त्या नाल्यावरचा कारखाना आम्ही घेत नाही, फी कितीही असो. तुम्ही ज्या ऑफिसात जाल तिथे हे आधी विचारून घ्या.

नंदुरबारची कामं घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. हरित न्यायाधिकरण ज्या कायद्यांखालचे वाद ऐकतं त्यांच्या यादीत, म्हणजे पहिल्या अनुसूचीत, वन संवर्धन कायदा आहे, पण वनहक्क कायदा 2006 नाही, वन्यजीव कायदाही नाही. सातपुड्यातला वनहक्काचा दावा पुण्यात नेऊन उपयोग नाही. तो ग्रामसभा, उपविभागीय समिती, जिल्हा समिती असाच जातो, प्रत्येक पायरीवर 60 दिवस. अनुसूचित क्षेत्रात त्यानंतर विभागीय समितीकडे जाण्याची सोय राज्यपालांच्या 2020 च्या अधिसूचनेने झाली आहे. आणि अक्कलकुवा-धडगावला दुभाषा सोबत न्या. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या आजोबांचा जबाब मराठीत ‘साधारण असं म्हणाले’ करून लिहिला तर दाव्यातली झाडं, दगडी बांध, देवाची जागा असे पुरावेच गळतात.

भाषेचं दुसरं टोक पुण्यात असतं. न्यायाधिकरणात काम इंग्रजीत चालतं. ठराव, पंचनामा, सातबारा, सगळ्याचं भाषांतर जोडावं लागतं, आणि ते ज्युनिअरकडे येतं. कंटाळू नका, फाईल खरी समजते ती ते करतानाच. शिक्षेची कलमं जुन्या पुस्तकातून उतरवू नका. 2023 च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण आणि हवा कायद्यातल्या शिक्षा बदलल्या आहेत.

पैशाचं स्पष्ट बोलायला हवं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2024 मध्ये ज्युनिअरला शहरात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत अशी शिफारस केली. शिफारस आहे, सक्ती नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी सुरुवातीला त्याहून कमी मिळण्याची तयारी ठेवा. गावाकडून फी हप्त्याने येते, कापूस विकला की येते. न्यायाधिकरणाची स्वतःची फी मात्र फार नाही. भरपाई मागितली नसेल तर 1,000 रुपये, मागितली असेल तर रकमेच्या एक टक्का. गावाला हा खर्च पहिल्याच बैठकीत लिहून द्या, प्रयोगशाळेच्या आणि प्रवासाच्या खर्चासकट.

अशा ऑफिसात कामाला जाताना बायोडेटाबरोबर दोन पानांचं टिपण न्या. तुमच्या गावाजवळचा एक नाला, भट्टी किंवा वाळूगट निवडा. त्याचं संमतीपत्र किंवा मंजुरी कधीची, त्यातली कोणती अट मोडलेली दिसते, दाद कुठे मागता येईल आणि शेवटची तारीख कोणती, एवढं लिहा. आमच्याकडे मुलाखत त्यावरच होते, गुणपत्रिका नंतर बघतात.