म्हैस तीनदा उलटली, चौथ्यांदा गाभण राहिली: माझा अनुभव

निपाणीजवळ आमचा चार म्हशींचा गोठा. दुसऱ्या वेताची मुऱ्हा जातीची म्हैस दर २१ दिवसांनी उलटायची, म्हणजे भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर यायची. जंताचं औषध दिलं, कृत्रिम रेतन करणारा बदलला, रेडाही दाखवला. भाकड म्हैस दावणीला पोसताना जीव मेटाकुटीला आला.

चूक वेळेची होती. म्हशीचा माज उन्हाळ्यात बहुधा मुका असतो, म्हणजे लक्षणं ठळक नसतात, आणि दिसलाच तर जास्त करून रात्री-पहाटे. आम्ही बघायचो दिवसा.

मग रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण सुरू केलं, दुपारी दोनदा अंगावर पाणी. उलटल्याची तारीख भिंतीवर खडूनं लिहिली. अठराव्या दिवसापासून रात्री १० आणि पहाटे ५ ला बॅटरी घेऊन, म्हैस बसलेली असतानाच शेपटीखाली बघायचं. उठली की सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, शेणात मिसळतो, कळत नाही. विसाव्या पहाटे दिसला. काचेसारखा स्वच्छ, न तुटणारी तार. (पिवळसर किंवा पूसारखा असता तर रेतन नाही, आधी डॉक्टर.) पहाटे माज, म्हणून त्याच संध्याकाळी रेतन. दुसऱ्या सकाळीही माज टिकून होता, म्हणून पुन्हा एकदा. रात्री दिसला असता तर सकाळी भरवली असती.

पुढच्या २१ व्या आणि ४२ व्या दिवशी तार नाही. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी तपासलं. गाभण!