शब्दाला वजन असलेल्या माणसासाठी: मंडळीतला अधिकार कसा वापरावा

कोल्हापूर जिल्ह्यात माणूस सत्ता चालवायला शिकतो तो दूध संस्थेत, विकास सोसायटीत आणि तालमीच्या मंडळात. पॅनेल बांधायचं, भावकी धरायची, मतदार सहलीला न्यायचे, निवडून आलं की आपला माणूस चिकटवायचा. हे कुणी शिकवावं लागत नाही. रविवारी तोच माणूस चर्चमध्ये मंडळीचा (म्हणजे चर्चच्या सभासदांचा) पंच, म्हणजे कारभारी, म्हणून बसतो आणि तीच रीत सोबत आणतो. पंचांची निवडणूक लागली की पहिला प्रश्न निघतो, "पॅनेल कुणाचं?"

याकोब आणि योहान हे शिष्य येशूकडे उजवी-डावी जागा मागायला गेले तेव्हा बाकीचे दहा चिडले (मार्क १०:४१). ते काही नम्रतेपोटी नव्हे. जागा त्यांनाही हवी होती. येशूनं त्यावर अधिकारच नको असं सांगितलं नाही. परराष्ट्रीयांचे अधिपती जसा धाक बसवतात तसं तुमच्यात नसावं, एवढं बजावलं. म्हणून "मी काय, साधा सेवक" असं म्हणत सगळे निर्णय एकट्यानं घेणारा पाळक (पास्टर) उघड हुकूम सोडणाऱ्यापेक्षा जास्त अवघड. जो अधिकार नाहीच म्हणतो, त्याला जाब कशाचा विचारणार?

तेव्हा पहिलं काम म्हणजे अधिकार कबूल करून तो कागदावर आणणं.

वहीची चार घरं

एक दोनशेपानी वही घ्या. चार घरं पाडा: गोष्ट, ठरवतो कोण, त्याला विचारू शकतो कोण, मुदत कधी संपते. मग भरायला बसा. पाळक, सेक्रेटरी, खजिनदार आणि कुठलंच पद नसलेले दोन सभासद, त्यात एक तरी बाई, असे पाच जण पुरेत.

मोठ्या गोष्टी सगळ्यांना आठवतात. खरी सत्ता बारक्या गोष्टींत असते, त्या सुटतात. दानपेटीची किल्ली कुणाकडे? बाप्तिस्म्याचा दाखला किती दिवसांत मिळतो, आणि तो कुणाला लवकर मिळतो? लग्नाची तारीख कोण देतं? व्यासपीठावरून कोण बोलणार हे कोण ठरवतं? व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन कोण, आणि कुणाला काढलं तर का काढलं हे सांगतो का? कंपाउंडमधली खोली कुणाला? दफनभूमीत जागा कुठली? या शेवटच्या ओळीवर जरा थांबा. घरात प्रेत असताना माणूस भांडत नाही. जे सांगाल त्याला मान डोलावतो आणि पुढं वीस वर्षं विसरत नाही. म्हणून दफनाचे नियम आणि शुल्क आधीच छापून सूचना फलकावर लावा: वर्गणी थकली असेल तर काय, सभासद नसलेल्या नातेवाइकाचं काय. ते त्या दिवशी तोंडी ठरता कामा नये.

वही भरून झाली की तिसरं घर पाहा. जिथं ते कोरं राहिलं, तिथं आज ना उद्या भानगड होणार.

दानपेटी

इथं नुसता विश्वास चालत नाही. प्रेषित पौलावर लोकांचा विश्वास होताच, तरी यरुशलेमसाठी जमवलेला पैसा त्यानं एकट्यानं नेला नाही. सोबत मंडळ्यांनी नेमलेली माणसं घेतली आणि कारणही सांगितलं: प्रभूच्याच नव्हे, माणसांच्या नजरेतही ते नीट दिसायला हवं (२ करिंथ ८:१९-२१).

रीत अशी. उपासना संपली की पेटी आतल्या खोलीत न नेता वेदीसमोरच्या टेबलावर उघडायची. मोजायला दोघं, एका घरातले नकोत, आणि खजिनदार त्यात नको. दर महिन्याला जोडी बदलायची. पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, शंभराच्या किती, नाणी किती, अशी छापील चिठ्ठी दोन प्रतींत भरायची, दोघांनी सही करायची. एक प्रत पैशासोबत खजिनदाराकडे, दुसरी सेक्रेटरीच्या फायलीत. सोमवारी बँकेत भरणा. वाटेत किराणा, गॅस, पाहुण्या वक्त्याचं पाकीट असलं काही त्यातून द्यायचं नाही. आलेलं सगळं आधी खात्यात, मग व्हाउचरनं खर्च. हिशेब चुकतो तो बहुतेक वेळा चोरीनं नाही, या "तात्पुरतं देऊन टाकलं"नं.

क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचाच असावा. पाळकाच्या किंवा खजिनदाराच्या मोबाईल नंबरावर अर्पण येत असेल तर आजच बंद करा, माणूस कितीही सोन्यासारखा असो.

कापणीच्या सणाचा लिलाव वेगळा सांभाळावा लागतो. गुळाची ढेप, भाताचं पोतं, कोंबडी यांवर जोशात बोली लागते आणि पैसे "देतो की" वर राहतात. बोली लागली की तिथंच नाव, वस्तू, रक्कम लिहून सही घ्या. वसुलीला पंधरा दिवसांची मुदत द्या. मोठ्या माणसाची बाकी मागायला कुणी जात नाही आणि गरिबाची नावानिशी वाचून दाखवतात, असं होत असेल तर यादीच वाचू नका. सगळ्यांना सारखी चिठ्ठी पाठवा.

पाळकानं सभासदाकडून हातउसने घेऊ नयेत. दोन हजारसुद्धा नकोत. देणाऱ्याला नाही म्हणता येत नाही आणि घेणाऱ्याला नंतर त्याला टोकता येत नाही.

बैठकीत शेवटी बोला

विषयपत्रिका सात दिवस आधी सगळ्यांच्या हातात द्या. आयत्या वेळचे विषय चर्चेला घ्या, पण पैशाचा किंवा नेमणुकीचा निर्णय त्यात नको. चर्चेत सगळ्यात नवा पंच आधी बोलेल आणि ज्याच्या शब्दाला वजन आहे तो शेवटी. क्रम उलटा झाला की बाकीच्यांना "साहेब म्हणतात ते बरोबर" एवढंच उरतं. महिला मंडळाची प्रतिनिधी बैठकीला असेल तर तिचं मत चहा आणताना विचारू नका. तिला खुर्ची द्या आणि चहा दुसऱ्या कुणीतरी आणू दे.

एक वाक्य कारभाराच्या बैठकीतून हद्दपार करावं: "प्रभूनं मला दाखवलंय." छपराला पत्रा घालायचा की स्लॅब, यावर प्रभूचं नाव पुढं केलं की विरोध करणारा आपोआप देवाविरुद्ध ठरतो. "मला असं वाटतं, कारण..." असं म्हणा, आणि 'कारण' नंतर आकडे द्या. तसंच बैठकीत हरलेला मुद्दा रविवारी उपदेशात काढू नका. खाली बसलेल्याला तिथं उत्तर देता येत नाही. "आपल्या एका भावासाठी प्रार्थना करू या, त्याचं मन कठीण झालंय" ही प्रार्थना नव्हे, चहाडी आहे.

शिफारस

मिशनच्या काळापासून कोल्हापूर-मिरज पट्ट्यात शाळा, वसतिगृहं, दवाखाने मंडळीच्या अवतीभवती वाढले. अमेरिकन मिशनरी रॉयल विल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले तेव्हापासूनचा हा वारसा. त्यामुळं चर्चमधल्या माणसाचा शब्द चर्चबाहेर नोकरी देऊ शकतो, असं लोक धरून चालतात. उपासनेनंतर दारात हात धरून कुणीतरी म्हणतंच, "पास्टरसाहेब, पोराचं तेवढं बघा की. एक फोन टाका, झालं."

तिथं "बघू" म्हणू नका. कोल्हापुरात "बघू" म्हणजे हो. सरळ सांगा: "मामा, फोन मी कुणासाठीच करत नाही. जाहिरात कधी येते ते मंडळीत सगळ्यांना वाचून दाखवतो. पोराला गुरुवारी पाठवा, अर्ज नीट भरून देऊ." मदत झाली, पण रांग मोडली नाही. चारित्र्याचा दाखला मागितला तर ठरलेल्या एकाच मजकुरात द्या, जावक क्रमांक टाकून. ओळखत नसाल तर "इतक्या वर्षांपासून सभासद आहे" एवढंच लिहा.

आणि नेमणुकीच्या समितीत असाल व अर्जदार तुमच्या नात्यातला असेल, तर त्या विषयापुरतं उठून बाहेर जा आणि इतिवृत्तात तसं लिहून घ्या. नुसतं गप्प बसणं पुरत नाही. तुमची खुर्ची बोलत असते.

जमीन आणि कागद

मंडळीची मालमत्ता सार्वजनिक न्यासाची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. त्यातलं कलम ३६ प्रत्येक पंचानं एकदा स्वतः वाचावं. स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल, बक्षीस यांना धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. भाडेपट्टा शेतजमिनीचा दहा वर्षांपेक्षा जास्त आणि बिगरशेती जमीन किंवा इमारतीचा तीन वर्षांपेक्षा जास्त असेल, तरी ती लागते. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज द्यायचा असतो. हा अर्ज राहून जातो, नोंदीत जुनीच नावं राहतात, आणि मग दोन गट दोन यादी घेऊन धर्मादाय कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतात.

आडवाट ठरलेली असते: अकरा महिन्यांचा करार, दर वर्षी त्याच माणसाला, त्याच भाड्यात, जाहिरात न देता. कायद्याचं पान शाबूत, पण दुकान कायमचं त्याचं. उपाय साधा आहे. भाडेकरूचं नाव, भाडं, जागेचं क्षेत्रफळ, करार संपण्याची तारीख असा तक्ता वार्षिक सभेत वाटायचा, आणि नूतनीकरणाआधी आजूबाजूच्या तीन गाळ्यांचं भाडं विचारून लिहायचं.

तक्रार आली तर

"झाकली मूठ सव्वा लाखाची" ही म्हण इथं घात करते.

लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पंचांनी बैठक घ्यायची नसते. पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाबद्दलची माहिती दडवली तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाची पंचांपुढं उलटतपासणी करू नका, आरोप असलेल्याशी त्याला समोरासमोर उभं करू नका, "क्षमा कर" असं सांगू नका. १०९८ हा बालमदतीचा क्रमांक संडे स्कूलच्या खोलीत भिंतीवर लावून ठेवा. जिथं दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथं बायकांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याखाली अंतर्गत समिती हवी. कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं.

बाकीच्या तक्रारींसाठी, म्हणजे पैसा, अपमान, पक्षपात अशांसाठी, तिघांची समिती नेमा, त्यातला एक मंडळीबाहेरचा. पोच सात दिवसांत, लेखी उत्तर तीस दिवसांत. वडिलावरचा, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यावरचा, आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये, हे वचन (१ तीमथ्य ५:१९) तक्रार दाबायला हमखास काढलं जातं. त्याच्या पुढची दोन वचनंही मोठ्यानं वाचा: पाप करणाऱ्याला सर्वांदेखत दोष द्यावा, आणि कुणाची बाजू घेऊ नये.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ मध्येही असाच प्रसंग आहे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय, अशी तक्रार आली. प्रेषितांनी चौकशी लांबवली नाही. काम सात जणांकडे सोपवलं. त्या सातांची नावं पाहा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर... सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार, त्यांच्यातल्याच दिसणाऱ्या माणसांच्या हाती वाटप दिलं. वस्तीतल्या मंडळीची तक्रार असेल तर समितीत वस्तीतला माणूस हवा. शहरातले तीन वकील नेमून भागत नाही.

उतरताना

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी नेमले. मंडळ्यांत मात्र खजिनदारकी अजून वतनासारखी चालते: आधी वडील, मग मुलगा, मग जावई. पदाची मुदत तीन वर्षं, सलग दोनदा, मग किमान तीन वर्षं सुट्टी, असा नियम मंडळीच्या घटनेत घाला. "दुसरा कुणी तयारच नाही" हे उत्तर ऐकू आलं तर समजावं की आधीच्या माणसानं सहा वर्षांत कुणाला हिशेब शिकवला नाही. म्हणून पहिल्याच वर्षी मदतनीस नेमा.

शमुवेल पायउतार होताना लोकांसमोर उभा राहिला आणि कुणाचा बैल घेतला, कुणाचं गाढव घेतलं, सांगा म्हणाला (१ शमुवेल १२:३). तुम्हीही सभेत तसंच उभं राहा, फक्त आधी पंधरा दिवस नोटीस लावा, म्हणजे लोक आठवून येतील. मग किल्ल्या मोजून द्या, बँकेतली सही बदला, फाइली आणि पासवर्डांची यादी करून दोघांच्या सहीनं सोपवा, व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपद सोडा. पुढचे सहा महिने नव्या माणसानं विचारल्याशिवाय सल्ला देऊ नका, आणि उपासनेला पहिल्या बाकावर न बसता मागं, दाराजवळ बसा.