पेपर अ‍ॅक्सेप्ट झाला, आता पैसे कुठून आणू?

२०२१ च्या पावसाळ्यात पहिला पेपर अ‍ॅक्सेप्ट झाल्याची मेल आली आणि मी अख्ख्या लॅबला चहा पाजला. रात्री मेल नीट वाचली. खाली एपीसीचा आकडा होता: पेपर सगळ्यांना फुकट वाचता यावा म्हणून लेखकाने भरायचे २,२०० डॉलर. माझी जेआरएफ, म्हणजे पीएचडीची फेलोशिप, तेव्हा महिना ३१,००० रुपये. म्हणजे पाच महिन्यांची फेलोशिप, तीही वेळेवर जमा झाली तर! मोठे प्रकाशक गरीब देशांना सूट देतात, पण त्या यादीत आपण सहसा नसतो.

गाईड मॅडमनी एवढंच विचारलं, "ग्रँट कोणाची, ते बघितलंस का?"

बघितलं नव्हतं. ग्रँट डीबीटीची, म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची होती. डीबीटी आणि डीएसटीचं (विज्ञान-तंत्रज्ञान विभागाचं) ओपन अ‍ॅक्सेस धोरण डिसेंबर २०१४ चं आहे. ते एपीसीला पैसे देत नाही. ते म्हणतं, पेपर अ‍ॅक्सेप्ट झाला की दोन आठवड्यांत रिव्ह्यूनंतरची अंतिम प्रत रिपॉझिटरीत, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल अशा ऑनलाइन साठ्यात ठेवा. प्रकाशकाचा एम्बार्गो, म्हणजे प्रत खुली करण्याआधी थांबायची मुदत, असेल तर तो विज्ञानात सहा महिन्यांपेक्षा आणि मानव्यविद्यांत बारापेक्षा जास्त नको. हे सगळं फुकटात होतं! जर्नल हायब्रिड होतं, म्हणजे पैसे भरून पेपर खुला करा किंवा न भरता वर्गणीदारांपुरता ठेवा असे दोन पर्याय होते, म्हणून मी सबस्क्रिप्शनचा पर्याय निवडला आणि एक रुपयाही भरला नाही.

गंमत पुढे आहे. प्रकाशकाचा एम्बार्गो बारा महिन्यांचा, धोरणाचा सहा. मी निमूटपणे बारा महिने थांबले. कोणी जाब विचारला नाही. याउलट थिसिसची सॉफ्ट कॉपी शोधगंगेसाठी (भारतीय थिसिसच्या खुल्या ऑनलाइन साठ्यासाठी) दिली नसती, तर माझी डिग्रीच अडकली असती. यूजीसीने २००९ मध्ये केलेला हा नियम विद्यार्थी मुकाट्याने पाळतात, कारण तिथे त्यांचंच काम अडतं. पेपरच्या बाबतीत तशी गाठ कोणी मारलेली नाही. माझ्या मते खरी अडचण पैशांइतकीच ही आहे.

आता 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्र सरकारची योजना आहे: २०२५ ते २०२७ साठी ६,००० कोटी, सुमारे १३,००० जर्नल्स. आम्ही जे पेपर ओळखीपाळखीने मागून वाचायचो, ते तुम्हाला सरकारी कॉलेजच्या लॉगिनवर मिळतील. पण ही वाचायची सोय झाली. तुमचा पेपर कॉलेजबाहेरच्या माणसाला त्यामुळे आपोआप खुला होत नाही.

मान्य जर्नल्सची यूजीसी-केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. जर्नल निवडताना आपल्या विद्यापीठाचं ताजं परिपत्रक मागून घ्या. आणि सबमिट करायच्या आधी, नंतर नव्हे, जर्नलच्या साइटवर दोनच गोष्टी शोधा: एपीसी किती, आणि स्वतःची प्रत ठेवायला परवानगी कधीपासून. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या जर्नल्सचाही विचार करा.

प्रकाशकाने सजवलेली पीडीएफ रिपॉझिटरीत सहसा चालत नाही, रिव्ह्यूनंतरची आपली साधी प्रत लागते. ती अ‍ॅक्सेप्ट झाल्याच्या दिवशीच वेगळी ठेवा. वर्षभराने माझी शोधायला बसले तर 'फायनल' नावाच्या सात फाइली निघाल्या, आणि खरी होती ती को-ऑथरच्या जुन्या मेलमध्ये.