गंजलेली पेट्रोलची टाकी: घरी साफ करून आतून लेप कसा द्यावा

पावसाळाभर मोटारसायकल पडवीत झाकून ठेवली आणि टाकी अर्धी रिकामी राहिली, की गंज धरलाच म्हणून समजा. दिवसा तापलेली हवा रात्री आकसते, झाकणाच्या भोकातून बाहेरची दमट हवा आत ओढली जाते आणि पत्र्याला आतून दव सुटतं. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल हे पाणी काही काळ पोटात घेतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात. रिझर्व्हच्या नळीचं तोंडही तळापासून थोडं वरच असतं. त्यामुळे ते पाणी इंजिनापर्यंत पोचत नाही, खाली पत्रा खात बसतं. रोज पेट्रोल भरून धावणाऱ्या पायलटच्या (गोव्यातल्या मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या) गाडीला हा आजार सहसा जडत नाही.

आधी लेप हवाच का ते ठरवा. टाकी रिकामी करून एलईडी टॉर्चने आत बघा. नुसती तांबूस भुकटी असेल, तर गंज काढून टाकी भरलेली ठेवणं पुरे. लेपाच्या भानगडीत पडू नका. नीट न बसलेला लेप पापुद्रे होऊन सुटतो आणि जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक, बुजवतो, आणि तो काढणं गंज काढण्यापेक्षा कटकटीचं. खाली रंगाला फोड आलेत का, तेही पाहा. बारीक भोकांचा संशय असेल तर तळाला बाहेरून खडूची पूड चोळून आत थोडं रॉकेल घाला. जिथे पूड काळपट ओली होते, तिथे भोक. सुईच्या टोकाएवढं भोक इपॉक्सीचा (दोन भाग मिसळले की घट्ट होणाऱ्या रसायनाचा) लेप बुजवतो, त्याहून मोठं रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याकडून डाख लावून घ्यावं. त्याला टाकीत पेट्रोल होतं हे आवर्जून सांगा. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते.

लेपाचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा आणि दव सुकल्यावर सुरू करा. दमट हवेत इपॉक्सीचा पृष्ठभाग चिकट आणि दुधाळ राहतो.

पेट्रोल डब्यात काढा, गटारात नको. आपल्या जांभ्या दगडाच्या जमिनीत ओतलेलं खाली मुरतं आणि विहीर जवळ असेल तर तिथे पोचतं. कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ), झाकण आणि फ्लोट (पेट्रोलची पातळी मोजणारा तरंगता भाग) काढा. कॉकला बहुतेक गाड्यांत १० चा पाना लागतो. कॉक आणि झाकण आम्लात बुडू देऊ नका, त्यांचा धातू आम्ल खातं. कॉकच्या जागी ३ मिलीमीटर जाडीची पट्टी, खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा, असं घट्ट बसवा. रंगावर व्हॅसलीन चोळून प्लास्टिक गुंडाळा.

गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घालून टाकी हलवा, तेलकटपणा पूर्ण जाईपर्यंत. हे टाळलं तर आम्ल तेलावरून नुसतं घसरतं. खपल्या जाड असतील तर ३०-४० एम ८ चे (८ मिलीमीटर बोल्टचे) नट मोजून आत टाका आणि साबणाच्या पाण्यासह दहा मिनिटं खडखडवा. बाहेर काढताना पुन्हा मोजा, चुंबक हाताशी ठेवा.

आता लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा किंवा केमिकलच्या दुकानात मिळणारं सायट्रिक अॅसिड. १० लिटरच्या टाकीला ५०० ते ७०० ग्रॅम, ५० ते ६० अंश तापलेल्या पाण्यात विरघळवून गळ्यापर्यंत भरा. अर्धी भरली तर पातळीच्या वरचा ओला पत्रा पुन्हा गंजतो. टाकीचं तोंड उघडं ठेवा, कारण आत हायड्रोजन तयार होतो. आसपास विडी, दिवा काही नको. १२ तासांनी बघा आणि २४ तासांच्या पुढे ठेवू नका. पितळ घासायला आमसूल चालतं म्हणून कुणी तेही सुचवील. टाकीत आमसुलाचा गाळ काढत बसाल, इतकंच. हायड्रोक्लोरिक, म्हणजे फरशी धुवायचं आम्ल, तर अजिबात नको. ते झपाट्याने गंज खातं, तसंच पातळ झालेला पत्राही.

रिकामी करताच १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम खायचा सोडा हळूहळू घाला. फेस उसळतो, घाई नको. मग स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा.

इथून पुढे वेळ मोजून वागा, कारण पूर्ण उघडा पडलेला पत्रा पाच-दहा मिनिटांत केशरी पडतो. पाणी निथळताच ५०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून सगळीकडे फिरवा आणि ओतून टाका. ते पत्र्यावरचं पाणी सोबत घेऊन जातं. वाफ मोकळ्या हवेत उडून गेल्यावरच, तास-दोन तासांनी, हेअर ड्रायर लावा, आधी लावाल तर भडका उडेल. कोपऱ्यात, विशेषतः दोन्ही बाजूंच्या खोलगट भागांत, ओल राहते. तिथला पत्रा हाताला गरम लागेपर्यंत वाळवा. तरी केशरी छटा आलीच तर २ ते ३ टक्क्यांच्या लिंबूसत्त्वाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवून हीच वाट पुन्हा धरा. लेप देणार नसाल तर इथेच १०० मिली टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल) थोड्या पेट्रोलमध्ये मिसळून आत फिरवा आणि टाकी भरून टाका. लेप देणार असाल तर तेल चुकूनही नको.

लेपासाठी पेट्रोलच्या टाकीसाठीच बनवलेलं, इथेनॉल झेपणारं दोन भागांचं इपॉक्सी घ्या. साधं चिकटवायचं इपॉक्सी इथेनॉलने मऊ पडून सुटतं. १० ते १२ लिटरला साधारण २०० ते २५० मिली लागतं. मिसळल्यावर वापरायला २० ते ३० मिनिटं मिळतात, उकाड्यात त्याहूनही कमी. कॉकच्या भोकात ग्रीस लावलेला बोल्ट घाला. ओतून टाकी सावकाश सर्व अंगांनी फिरवा, मग उलटी धरून उरलेलं पूर्ण निथळू द्या. तळाशी साचलेला थर नीट वाळत नाही आणि नंतर तडकतो. घट्ट होण्याआधी बोल्ट काढा, कॉकचं भोक आणि हवेची बारीक नळी मोकळी आहे का ते फुंकून पाहा. ७२ ते ९६ तास वाळू द्या, पाकिटावर जास्त वेळ लिहिला असेल तर तितका.

कॉकचं गॅस्केट आणि झाकणाचं रबर नवं घाला, पाइपमध्ये पारदर्शक फिल्टर बसवा. पहिल्या ५० किलोमीटरनंतर कार्बोरेटरची वाटी उघडून बघा. तांबडी पूड सापडली तर खालच्या खोलगट भागात गंज शिल्लक आहे. लेपाचे पापुद्रे सापडले तर गाडी चालवू नका, लेप पूर्ण काढून नव्याने द्यावा लागेल.